कर्णा कुणी फिरवला

आमचे आबा, म्हणजे सुदुंबऱ्याचे निवृत्तीभाऊ, कुणाचा हेवा करतील याचा नेम नाही. शेजाऱ्याची म्हैस दूध जास्त देते, आईने जावयाला आधी वाढलं, डॉक्टर आईशी दोन वाक्यं जास्त बोलले, त्यांना काहीही पुरतं. पण त्यांचा सगळ्यांत जुना आणि कडवा हेवा होता एका गायकाच्या आवाजाचा. त्याचं नाव मी लिहीत नाही. चाळीस वर्षांत आमच्या घरात ते कुणी घेतलं नाही, मग इथे तरी कशाला? रेडिओवर तो आवाज लागला की आबा उठायचे आणि पोराचा कान पिळावा तसं बटण पिळून बंद करायचे. "डोकं दुकतंय," एवढंच. आई मान खाली घालून भाकरी थापत राहायची. तिला ती गाणी तोंडपाठ होती, पण ती गुणगुणायची आबा सेकंड शिफ्टला गेल्यावर.

अशा माणसाला मी, लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून, लोणावळ्याला वलवण धरणाकाठच्या रिसॉर्टवर नेलं आणि नेमकं त्याच आवाजात गाणाऱ्या मुलासमोर बसवलं. चूक माझीच. बुकिंग करताना 'सायंकाळी जुन्या गाण्यांची मैफल, चहा-भजीसह' हे वाचलं होतं, पण माझं लक्ष भज्यांवर. घरापासून तासाभराची वाट, तरी आबांनी नवा शर्ट शिवला होता. "लोनावळ्याला मुंबईची लोकं येत्यात, आपुन कशाला?" असं आठवडाभर म्हणत म्हणत शिवला.

पाच वाजता पांढरा कोट घातलेला गौरव नावाचा मुलगा माइक घेऊन उभा राहिला. पहिलं गाणं नावेचं, दुसरं पत्राचं. डोळे मिटले तर तो जुना गायकच समोर आहे असं वाटावं, इतका हुबेहूब आवाज. प्रत्येक कडव्याच्या आधी आईचे ओठ हलायला लागायचे.

"नाकात गातोय," आबा म्हणाले.

चांदण्याच्या गाण्याला आईने टाळ्या वाजवल्या. आबांनी तिच्या हातांकडे असं पाहिलं की जणू तिने भर चारचौघांत त्या पोराला ओवाळलं.

मग गौरव माइक घेऊन थेट आमच्या टेबलाशी आला. "मावशी, तुम्हाला तर सगळीच पाठ! ही गाणी ऐकून कुणाची आठवण येते?"

आई बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करतानासुद्धा माझ्या मागे उभी राहते. तिने माइक हातात घेतला.

"आमच्या गावात लग्नाला स्पीकर लावायचे. श्रीपती म्हनून स्पीकरवाला व्हता. मी मामाच्या रानात कांदा काढायची, मांडवापासनं लय लांब. तर त्यो कर्णा मांडवाकडं न्हाई, माज्या रानाकडं फिरवायचा. तवा माज्यासाटी कुनी काय करत न्हवतं बगा. त्यो तेवडं करायचा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "काका, जरा जपून हं!" गौरव म्हणाला आणि सगळे हसले. आबांनी भज्यांची बशी खाली ठेवली आणि ते बाहेर निघून गेले.

हा श्रीपती म्हणजे आबांचा दोस्त. लग्नाआधी दोघं मिळून स्पीकरचा धंदा करायचे. मशीन आणि तबकड्या श्रीपतीच्या. तो भांग पाडून मांडवात बसायचा, "हॅलो, हॅलो" करायचा आणि सगळ्या गावाला दिसायचा. आबा दोर घेऊन आंब्यावर चढायचे, कर्णा बांधायचे आणि तिथेच फांदीवर बसायचे. ते कुणालाच दिसायचे नाहीत. पुढे आबांना कंपनीत नोकरी लागली, त्यांनी आईला मागणी घातली, आणि श्रीपतीकाका तीन वर्षांपूर्वी वारले तोवर आमच्याकडे येत राहिले. ते आले की आई त्यांना निव्वळ दुधाचा चहा करायची. आबांना रोजचाच. याचं कारण मला त्या संध्याकाळी कळलं.

मी बाहेर गेले तर आबा कुंपणाशी उभं राहून धरणाच्या पाण्याकडे बघत होते.

"श्रीपतीला जिना चडताना दम लागायचा, त्यो झाडावर काय चडतोय! कर्णा म्या बांधायचो. मांडवातली मानसं शिव्या द्यायची, नवरीच्या मामानं एकदा कानाखाली दिली. तरी तिकडंच फिरवायचो."

"मग आईला कधी सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात? मला वाटलं, तिला ठावं हाय. म्हनून तर व्हय म्हनली आसंल."

मला हसू येत होतं, पण त्यांचं तोंड बघून मी ते गिळलं. या समजुतीवर माणूस चाळीस वर्षं निवांत झोपला होता. "अहो, मग त्या आवाजावर एवढा राग का? गाणी तर तुम्हीच ऐकवलीत."

"गानं लागलं की ती घरात नसायची. बसलेली दिसायची, पर नसायची. कुनाकडं जायाची, ते इचारायचं धाडस झालं न्हाई."

तेवढ्यात आई आली. "चहा गार झाला तुमचा."

"कर्णा म्या फिरवायचो, रतन," आबा एकदम म्हणाले. नाव घेऊन हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

"कायतरीच! मी श्रीपतीला इचारलं व्हतं एकदा. त्यो हसला नुसता."

"हसंल न्हाई तर काय करंल! फुकटचा चहा कोन सोडतंय?" आबांचा आवाज चढला, मग उतरला. "त्याच गायकाचं एक लेकराला निजवायचं गानं व्हतं. एकदाच लागलं. तू इळा टाकला आन् बांधावर पाट करून बसली. बाकीच्या बायांच्या डोळ्यांला कांद्यानं पानी, तुजं कांद्यानं न्हवतं. मांडवात बसून श्रीपतीला हे दिसंल व्हय? म्या वरनं वरडलो, ती तबकडी काड, पुना लावायची न्हाई."

आई नऊ वर्षांची असतानाच तिची आई गेली, म्हणून ती मामाकडे वाढली. तिने आबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती त्यांचा हात धरणार.

"म्हंजी ते तुमी बंद केलं," ती म्हणाली.

"तू रडत व्हतीस."

"मला रडायचं व्हतं. मामाच्या घरात रडाया जागा न्हवती. त्या गान्यात माजी आई आली व्हती. त्याच्यानंतर दोन वर्सं परतेक लग्नाला मी कान लावून बसले, आता लागंल, मग लागंल. लगीन झाल्यावर वाटलं, रेडिओवर तरी लागंल. तितंबी तुमीच."

मला आबांचा राग आला आणि दयाही आली. कुणाकडे जाते म्हणून हा माणूस जन्मभर जळला, आणि ती जात होती आपल्या आईकडे.

आई वळली आणि एकटीच आत गेली. काचेतून दिसलं, ती गौरवला काहीतरी सांगत होती. त्याला आधी आठवेना, त्याने फोनवर शब्द शोधले आणि मग ते लेकराला निजवायचं गाणं गायला सुरुवात केली. सगळ्यांसमोर, पदर तोंडाला न लावता, आई रडत होती. आबा दारापर्यंत आले, पण आत गेले नाहीत. ती त्या पोराकडे बघत होती आणि आबांचं तोंड नेहमीसारखंच कडू झालं होतं.

एवढ्यात मॅनेजर घड्याळ दाखवत लगबगीने आला. सात वाजले होते, कार्यक्रमाची वेळ संपली होती. तो दारातून आत शिरणार, तोच आबांनी त्याचं मनगट धरलं.

"पुरं हू द्या," ते म्हणाले, आणि गाणं संपेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.