शितपांची जागी झोप

सहदेव शितप रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत चोवीस वर्षं कारकून. एवढ्या वर्षांत साहेबांसमोर त्यांच्या तोंडून "हो साहेब" याखेरीज काही निघाल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

रविवारी बांगड्याचं तिखलं नि भात जेवून मांडवीच्या घरी ते उताणे झोपत. एका रविवारी डोळे उघडले. पंखा दिसत होता, मोरीत बायको, नंदा, भांडी घासत होती तेही ऐकू येत होतं; पण हात हलेना, हाक फुटेना, आणि छातीवर कोणीतरी मांडी ठोकून बसलेलं. मिनिटभराने सुटले तेव्हा बनियन घामाने भिजलं होतं. पुढच्या दोन रविवारीही तेच.

"ह्या नुसत्या झोपेचा काम नाय," असं म्हणून नंदाने त्यांना संगमेश्वराकडच्या गावी नेलं. गुरवाने कौल लावला. जागेवाल्याचे, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचे, नारळ राहिले होते म्हणे. तीन नारळ दिले. ते खाऊन छातीवरचा आणखीच जड झाला.

शेवटी नर्स असलेल्या भाचीने, शमिकाने, उलगडा केला. स्वप्नात माणूस उठून धावू नये म्हणून शरीर लुळं पडतं. कधी मेंदू आधी जागा होतो आणि शरीर मागे राहतं. ती म्हणाली, "मामा, झगडू नका. सावकाश श्वास घ्या नि शुद्ध ठेवून पुन्हा स्वप्नात शिरा. तिथे तुमचंच राज्य." खूणही सांगितली: स्वप्नात अक्षरं टिकत नाहीत. एकच ओळ दोनदा वाचायची. बदलली तर स्वप्न.

महिन्याभरात जमलं. सगळं आभाळ मोकळं असताना शितप उडत गेले ते कचेरीत. तिथे त्यांनी साहेबांना झापलं. साहेब आकसत आकसत टाचणीएवढे झाले. मग दर रविवारी हेच. दुसरं काही करावंसं त्यांना सुचलंच नाही.

एका मंगळवारी कचेरीच्या परिपत्रकात सकाळी एकतीस तारीख होती, दुपारी पंधरा. साहेबांनी कोणाला न सांगता त्याच क्रमांकाने नवीन कागद लावला होता. शितपांनी पुन्हा वाचलं. तारीख बदललेली. ते निवांत उठले आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, तुम्हाला चार ओळींचं पत्र धड लिहिता येत नाही. तुमच्यासारख्यांच्या चुका मी चोवीस वर्षं अंगावर घेतल्या."

आणि साहेब आकसायची वाट पाहत शितप उभे राहिले. साहेबांनी घंटी दाबली.

कारणे दाखवा नोटीस आली. प्रकरण वाढलं तर तारखेचा घोळही वर जाईल म्हणून साहेबांनीच निरोप धाडला, शुद्धीवर नव्हतो असं लिहा, मिटवून टाकू. शितपांनी दोन दिवस विचार केला. मग सुवाच्य अक्षरात लिहिलं, "सदर वेळी मी पूर्ण जागा होतो."

त्यांना अभिलेख कक्षात बसवलं, जुन्या गठ्ठ्यांत. सगळे सहकारी अभिनंदन करायला आले. एकेक करून, मागे कोणी नाही ना ते बघून, कुजबुजत.