अंडर प्रोसेस

फेलोशिप वेळेवर आली असती तर यातला एकही किस्सा घडला नसता. केमिस्ट्रीत पीएचडी करणाऱ्याला काम करताना किस्से सुचत नाहीत. वाट बघताना घडतात. आमची फेलोशिप अडकली तेव्हा पोर्टलवर एकच ओळ दिसायची, ‘अंडर प्रोसेस’. सकाळी बघायची, जेवताना बघायची, रिॲक्शन ढवळत असतानाही बघायची. जीव कशात लागायचा नाही.

*

लॅबमधल्या अश्विनीला त्याच दिवसांत बघायला आले. मुलाच्या काकांनी विचारलं, “शिकताना पैसे मिळतात म्हणे?”

“मिळतात,” ती म्हणाली.

“आता मिळताहेत?”

“आता अंडर प्रोसेस आहे.”

“कळवतो,” म्हणून मंडळी उठली. अजून निरोप नाही. अश्विनी म्हणते, तेही स्थळ अंडर प्रोसेसच असणार.

*

पैसे नाहीत म्हणून मी होस्टेल सोडलं आणि लोणावळ्याच्या मामाकडून येऊन-जाऊन करू लागलो. लोकल चुकली की पुढचीपर्यंत स्टेशनवर बसायचं, म्हणून माझं अर्धं लक्ष फ्लास्ककडे आणि अर्धं घड्याळाकडे. एकदा रिॲक्शन मध्येच थांबवून पळालो. दुसऱ्या दिवशी गाइड सरांनी तपासणीचा आलेख, म्हणजे स्पेक्ट्रम, उजेडात धरला. बराच वेळ बघून म्हणाले, “हे प्रॉडक्ट नाही रे. हे टाइमटेबल आहे.”

*

आमचं ॲसिटोन संपलं की अश्विनी शेजारच्या लॅबमधून मागून आणायची. त्यांनी वैतागून बाटलीवर लिहिलं, ‘अत्यंत विषारी. हात लावू नये.’ ती बाटली घेऊनच परत आली. म्हणाली, “इथं विषारी नसलेलं काय आहे?”

*

शनिवार-रविवार मी मामाच्या चिक्कीच्या दुकानात उभा राहायचो. एकदा समोर गिऱ्हाईक म्हणून आमच्या रिव्ह्यू कमिटीतले एक प्राध्यापक, सहकुटुंब.

“अरे, तू इथे?”

घाबरून तोंडातून निघून गेलं, “सर, साखरेवर थोडं काम चालू आहे.”

ते हसले, शेंगदाण्याची चिक्की घेऊन गेले. पुढच्या रिव्ह्यूत त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “साखरेचं काम कुठवर आलं?” बाकीच्यांना काय कल्पना? शेरा आला: साखरेवरचे काम पुढील अहवालात स्वतंत्र दाखवावे.

*

आमच्या लॅबमधला दशरथ हा टाकवे बुद्रुक गावाच्या पुढे, डोंगरातल्या ठाकरवाडीचा. वाडीतला एम.एस्सी. झालेला पहिला. आई रोजंदारीवर जाते. फेलोशिप थांबल्यावर तो अबोल झाला, आणि एक दिवस पीएचडी सोडण्याचा अर्ज लिहून विभागप्रमुखांकडे निघाला. कंपनीत नोकरी बघितली होती. एकट्याला जाववेना, म्हणून मला सोबत घेतलं.

केबिनचं दार उघडलं, तर आत त्याची आई बसलेली. मांडीवर पिशवी. घरी कुणाला न सांगता आली होती.

“सायेब, माजं पोरगं रोज येतंय का कामाला?” ती विचारत होती.

“येतो, मावशी. सगळ्यांच्या आधी येतो.”

“मंग त्याची हाजरी कोन खातंय?”

“आई, तसं नसतं गं,” दशरथ दारातूनच म्हणाला. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

सरांनी शांतपणे समजावलं. पैसे दिल्लीहून येतात. कागद गेलेत. ते स्वतः फोन करतात, कुणी उचलत नाही.

“म्हंजी तुमच्याबी हातात काय न्हाई.”

“नाही, मावशी.”

 तिनं पिशवीतून फडकं काढलं, सोडलं आणि तांदळाच्या दोन भाकऱ्या टेबलावरच्या फाइलवर ठेवल्या.

“खावा. तुमचंबी पैसं थकलं असंल.”

सरांनी फाइल जवळ ओढली, भाकरी मोडली आणि खायला लागले. दशरथ अर्ज पुढे धरून उभा होता. तो घ्यायला सरांचा हात मोकळा नव्हता.