बाळं रडायची नाहीत का?

आयडेला बक म्हणजे बोलघेवडी म्हणा ना! तीस वर्षं ती फ्लोरिडातल्या बिग सायप्रसच्या वस्तीवरून शहरातल्या वाचनालयात जायची, हातानं फिरवायचं शिलाई मशीन टेबलावर मांडायची आणि रंगीत पट्ट्या जोडत गोऱ्यांच्या पोरांना आम्हा सेमिनोल आदिवासींच्या गोष्टी सांगायची. कापडाला कात्री लावायची नाही, हातानं फाडायचं, म्हणजे पट्टी सरळ निघते, हे तर तिनं हजारदा सांगितलं असेल. पण एका प्रश्नाला ती हमखास बगल द्यायची. पूर्वीच्या लढाईत गोऱ्या शिपायांपासून तुमचे पूर्वज दलदलीत लपले, तेव्हा बाळं रडायची नाहीत का?

"झोपायची हो," ती हसून म्हणायची.

यंदा गाडी बहिणीची लेक नोवा चालवत होती. त्या 'झोपायची'वरून नोवा वाटेतच तापली. "मावशी, पुरे आता तुझं गोडगोड! आपण काय सहलीला गेलो होतो दलदलीत? लोकांना वाटतं, आपण फुकटात टिकलो."

"आणि खरं सांगितलं तर? त्या माउलीला राक्षसीण म्हणतील परके. चालेल तुला?"

नोवानं नजर रस्त्यावर लावली. आयडेलाच्या जिवाला मात्र घोर लागला.

वाचनालयात पुढचे दोन दात पडलेल्या एका मुलीनं नेमका तोच प्रश्न विचारला. आयडेलाच्या हातातलं कापड अर्धवट फाटून राहिलं.

"रडायची," ती म्हणाली. "शिपाई अगदी जवळ आले होते. माझ्या पणजीच्या आईजवळ दोन लेकी. चार वर्षांची थोरली श्वास रोखून बसली. तान्ही रडायला लागली. आईनं तिच्या तोंडावर हात दाबला. शिपाई गेले, हात काढला, पण बाळ काही हललं नाही." तिनं अर्धवट फाटलेलं कापड घट्ट धरलं. "आमचं कूळ आईकडून चालतं. मी त्या थोरलीच्या वंशातली."

आता कोण काय बोलतंय, म्हणून तिनं मान खाली घातली.

"बाळाचं नाव काय होतं?" मुलीनं विचारलं.

अगं बाई! हे तर कुळातसुद्धा कधी कुणी विचारलं नव्हतं.

"नाव ठेवायचं राहिलंच होतं गं," आयडेला म्हणाली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा परक्यांपुढे हमसून हमसून, मोठ्यानं रडली.

नोवा धावत आली, जवळ बसली. तिनं मावशीला गप्प केलं नाही.