बैलाचे शुभेच्छुक

मायणीच्या तलावाकाठी चिखलात पालथा पडून मी रोहित पक्ष्यांवर कॅमेरा रोखला होता. तेवढ्यात एक मिशाळ गडी आपला खिलार बैल घेऊन थेट माझ्यासमोर उभा राहिला.

"अहो, बाजूला व्हा, पक्षी उडतील!"

"उडू द्या की. त्यास्नी काय फ्लेक्सवर यायचंय? उद्या आमच्या ह्या सरकारांचा वाढदिवस हाय." त्यानं टोपी काढून बैलाची शिंगं पुसली, स्वतःच्या मिशीला पीळ दिला. "हां, दाबा आता!"

बैलामागून सगळा थवा उडाला आणि मी चरफडत बटण दाबलं. फोटो स्वतःच्या मोबाइलवर घेतल्याशिवाय गडी हलला नाही.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स झळकला. मधोमध हार घातलेला बैल. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, एकेका गोल चौकटीत, माझे रोहित पक्षी.

सगळ्यांना गॉगल.