मागं माणूस हाय

सोलापूरच्या गिरणीचा भोंगा नव्या पेठेत ऐकू येत नसे, पण पेठ चालायची त्याच्याच तालावर. तुळजापूरहून सोलापूरला जाणाऱ्या सडकेवर, जिल्ह्याची हद्द संपता संपता ही वस्ती बसली होती. शहरात जागा मिळत नाही आणि गावात काम मिळत नाही, अशी माणसं तिथं येऊन राहिली. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे तिसऱ्या घराला वासावरून कळायचं, आणि नाहीच कळलं तर कुणीतरी वाटी भरून सांगायला यायचं.

पेठेचा एक रिवाज होता. सकाळच्या एसटीत जो चढेल, त्यानं पायरीवरून मागं वळून बघायचं. बोळातून कुणी धावत येताना दिसलं की कंडक्टरला म्हणायचं, "मागं माणूस हाय." मग कंडक्टर कितीही कुरकुरला तरी घंटीच्या दोरीला हात लावत नसे. कुणाचं कुणाशी भांडण असो, बोलणं बंद असो, हे तीन शब्द ज्यानं त्यानं बोलायचेच.

आणि या बाबतीत शांतलिंगाचा हात धरणारा पेठेत कुणी नव्हता. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा हा किडकिडीत माणूस पायरीवर एक पाय ठेवून असा उभा राहायचा, की एसटी जणू त्याच्या घरची बैलगाडी. शेवटची म्हातारी चढेपर्यंत तो आत जात नसे. लोक चेष्टेनं म्हणायचे, "शांतप्पा हाय तवर पेठेत गाडी चुकायची न्हाय कुणाची." हे ऐकलं की तो हसायचा. स्तुतीनं माणसाचं अंग फुलतं म्हणतात. याचं मात्र आक्रसायचं.

कारण हा चांगुलपणा मुळात चांगुलपणा नव्हताच. ती फेड होती, आणि तीही चोरून चाललेली.

मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता तेव्हाची गोष्ट. शांतलिंगाच्या शेजारी भिंतीला भिंत लावून खाजाभाई राहायचा. कल्हईवाला माणूस, सोलापूरच्या गल्ल्यांतून भाता घेऊन हिंडायचा. त्याची धाकटी बहीण जमिलाबी गुलबर्ग्याला दिलेली. तिचा नवरा पोलीस ॲक्शननंतरच्या धामधुमीत कराचीला गेला तो तिकडचाच झाला, आणि आता त्यानं बायकोमुलांना बोलावून घेतलं होतं. मुंबईला जाणारी तिची आगगाडी सोलापूर स्टेशनात थोडा वेळ थांबणार होती. तेवढ्यात खाजाभाईनं तिला बघायचं, आणि आईनं आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ त्यानं तिच्या हातात द्यायची. जमिलाबीनं निरोप पाठवून तेवढंच मागितलं होतं. बाकी काही नको, आईची वाकळ आणा. ही हकीकत शांतलिंगाला ठाऊक होती. सकिनाबी, म्हणजे खाजाभाईची बायको, आदल्या दिवशी त्याच्याच ओट्यावर बसून डोळे पुसत सांगून गेली होती.

त्या सकाळी अणदूरच्या खंडोबाची यात्रा होती, त्यामुळे निम्मी पेठ तिकडं. एसटीला हात करणारा शांतलिंग एकटाच. गाडी आधीच उशिरा आलेली, आणि जॉबरनं, खात्यातल्या मुकादमानं, त्याला बजावलेलं, की आणखी एकदा उशीर झाला तर साच्यावरून काढीन आणि रोज कामाची वाट बघणाऱ्या बदलीवाल्यांच्या रांगेत उभा करीन. तो चढला, पायरीवरून मागं बघितलं. बोळाच्या तोंडाशी खाजाभाई दिसला. डोक्यावर गाठोडं, आणि पळता पळता एका हातानं तो लुंगी सावरत होता.

कंडक्टर बदलीवर आलेला, नवखा. त्यानं विचारलं, "मागं कोन हाय का?"

"न्हाय," शांतलिंग म्हणाला.

दोरी ओढली गेली. आगगाडी दुपारची असेल, असं त्यानं मनाला समजावलं. शिवाय मागून दुसरी एसटी होतीच. पण आगगाडी सकाळचीच होती, आणि मागची एसटी तुळजापूरहून परतणाऱ्या यात्रेकरूंनी खचाखच भरून आली ती पेठेत थांबलीच नाही. खाजाभाई स्टेशनावर पोचला तेव्हा फलाटावर हमाल बिड्या ओढत बसले होते. शांतलिंग मात्र भोंग्याच्या आधी साच्यावर हजर. जॉबरनं शाबासकीसुद्धा दिली म्हणे.

संध्याकाळी खाजाभाई गाठोडं घेऊनच परत आला. ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "शांतप्पा, त्या गाडीत तू न्हवतास व्हय?"

"न्हाय बा. म्या पहाटंच एका ट्रकनं गेलतो."

एक खोटं झाकायला दुसरं लागतंच. हे दुसरं पहिल्यापेक्षा जड निघालं. पहिलं घाईत तोंडातून गेलं होतं. हे त्यानं शेजाऱ्याच्या रडून लाल झालेल्या डोळ्यांत बघून सांगितलं.

त्यानंतर शांतलिंग पायरीवर उभा राहू लागला. खाजाभाईचा भाता गाडीत चढवायचा, त्याला खिडकीशी बसवायचा. सांगून टाकावं असं कितीदा मनात आलं. पण खाजाभाई हातावर तंबाखू मळून अर्धी याच्यापुढं करायचा, आणि शब्द तंबाखूबरोबर गालात राहायचे.

अशी वर्षं गेली. शांतलिंगाची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला. आणि त्याच महिन्यात मुंबईहून आलेल्या एका नातेवाइकानं खाजाभाईला सांगितलं, की जमिलाबी गेली. कराचीतच, तापानं.

आता मात्र सांगायचंच, असं ठरवून शांतलिंग शेजारी गेला. जमलेले लोक उठून गेल्यावरही बसून राहिला. खाजाभाई भिंतीला टेकला होता. दाढी पांढरी झाली होती. शांतलिंगानं दोनदा घसा साफ केला.

"खाजाभाई, तुमास्नी येक सांगायचं हाय. त्या दिवशी..."

"त्या दिवसाचंच मनात येतंय बघ," खाजाभाई मध्येच म्हणाला. "लई बार सोचलो म्या. नशीब, दुसरं काय. तू त्या दिवशी ट्रकनं गेलास. गाडीत तू असतास ना शांतप्पा, तर गाडी हाललीच नसती. माझी जमिला मला दिसली असती."

हा माणूस इतकी वर्षं ज्या एका गोष्टीच्या आधारावर बसला होता, तीच त्याच्या पाठीमागून काढून घ्यायची होती. शांतलिंगाला ते धैर्य झालं नाही. की स्वतःलाच वाचवायचं होतं, हे त्याचं त्यालाही कधी नीट कळलं नाही.

सकिनाबी आतून आली. हातात तीच वाकळ, घडी न मोडलेली.

"भैया, आता ही कुनासाटी ठिवायची? तुमच्या नातवाच्या अंगाखाली घाला. आमच्या सासूबाईच्या हातची हाय, लई मऊ."

"नको भाबी," तो कसाबसा म्हणाला.

"का नको?" खाजाभाईनं विचारलं.

का नको, याचं उत्तर एकच होतं. शांतलिंगानं दोन्ही हात पुढं करून वाकळ घेतली.

घरी सत्यभामानं, त्याच्या बायकोनं, ती लगेच अंथरली. सकाळपासून किरकिरणारं पोर तिच्यावर टेकवताच गप झालं.

"बघा, कशी झोप लागली," ती म्हणाली. "शेजार मिळावा तर असा. आपली बी काईतरी पुन्याई आसंल."

शांतलिंग उंबऱ्यातच उभा होता. पायातल्या वहाणा काढायचं त्याला सुचलं नव्हतं.