मिलिटरी ट्रकचं नुसतं 'टक'

"रशीदभाऊ, आज चालू झाली तं ठीक. नाईतं हे गाडी भंगारात अन् हा देवाजी घरी," नानाजी म्हणाले. मूल गावात त्यांची राइस मिल. तिच्या आवारात भंगारवाला आधीच खुर्ची टाकून बसला होता आणि कसाई बकऱ्याकडे पाहतो तसा ट्रककडे पाहत होता. देवाजी ड्रायव्हर उगाचच काच पुसत होता. त्याला दुसरी कुठली गाडी चालवता येत नव्हती, आणि या वयात दुसरं कोणी ठेवणारही नव्हतं.

ट्रक लष्कराच्या लिलावातला. नव्वदीच्या दशकात आमच्याकडे असे बरेच होते. लढाई कुठे केली होती देव जाणे, पण ऐट सुभेदाराची. आठवडाभर मिलचे हमाल त्याला सकाळी धक्का मारून चालू करत होते. त्या दिवशी त्यांनी हात वर केले. म्हणाले, आमी पोती उचलतो, गाडी नाई.

म्हणून मला, गाड्यांच्या वायरिंगच्या मिस्त्रीला, बोलावलं होतं. मी चावी फिरवली. टक. बस, एवढंच. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, ढिम्म हलेना.

या गाड्या चोवीस व्होल्टच्या, बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या. दोन्ही तपासल्या. ठणठणीत. 'टक' करतो तो सोलेनॉइड, म्हणजे मोठा करंट सोडणारा स्विच. त्याला बगल देऊन पान्यानं थेट जोडलं. ठिणगी उडाली, सेल्फ जागचा हलला नाही. मग सेल्फच खाली उतरवला आणि जमिनीवर ठेवून बॅटरीला जोडला. पठ्ठ्या असा उसळला की भंगारवाल्यानं पाय वर घेतले.

परत चढवला. टक.

"नारळ फोडू काय, भाऊ?" देवाजीनं हळूच विचारलं.

"सेल्फच्या डोक्यावर फोड," मी म्हणालो. माझंही डोकं तापलं होतं.

खाली चालतो आणि वर चालत नाही, म्हणजे दोष सेल्फचा नव्हे, वाटेचा. करंट वायरनं जातो आणि गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत येतो. या परतीच्या वाटेला आम्ही अर्थिंग म्हणतो. मी एक जाड केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं सरळ इंजिनाला. देवाजीला म्हणालो, "सेल्फ मार."

इंजिन गरजलं. मिलवरची कबुतरं उडाली. देवाजीच्या डोळ्यांत पाणी आलं, तो म्हणाला धूर गेला.

गाडी बंद करायला लावून मी तिच्याखाली शिरलो. बॅटरीची अर्थिंगची पट्टी चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जिथे कसतात, तो बोल्ट खोलला. पट्टीखाली काळ्याभोर ऑइलपेंटचा जाड थर. दिव्यांपुरता थोडा करंट बोल्टच्या आट्यांतून झिरपायचा, पण सेल्फला लागतो भरपूर. तो रंगापाशी अडायचा. मी पॉलिश पेपरनं लोखंड उघडं केलं, पट्टी कसली आणि माझी केबल काढून घेतली. अर्ध्या फेऱ्यात गाडी चालू.

"रंग कोनं लावला रे तिथी?" नानाजी कडाडले.

देवाजीनं मान खाली घातली. "दसऱ्याच्या पूजेले, मालक. पट्टी खोलून लावला."

"अक्कल गहाण ठेवली होती काय?"

"तुमीच तं मांगं उभे राहून सांगून राह्यले होते. लक्ष्मी आहे, बोटभर जागा बी सुटाले नाई पायजे."

नानाजी माझ्याकडे पाहायला लागले. मी हात पुसायला लागलो. हसू दाबताना पोटात दुखत होतं. शेवटी ते भंगारवाल्याकडे वळले, "चाय घ्या अन् निंगा तुमी," आणि तसेच ओरडले, "देवाजी, पाहून काय राह्यला? पोती भर!"

तेव्हापासून दसरा झाला की मी दुकानात पॉलिश पेपर जास्तीचा आणून ठेवतो. जेवढी भक्ती जाड, तेवढा करंट कमी.