होळीत गेलेली चाकं

होळीला नेलेल्या वस्तूबद्दल बोलायचं नसतं, असा आमच्या गावात कायदा आहे. कुणाच्या परड्यातल्या गोवऱ्या, कुणाचा मोडका पाळणा, कुणाच्या गोठ्याचं फाटक, एकदा होळीसाठी उचललं की ते होळीचं. ज्याचं गेलं त्यानं हसायचं. हा कायदा ज्यानं केला तो माणूस मला एकदा भेटायला हवा. त्याचं स्वतःचं काही कधी जळलं नसणार.

माझी चाकं जळली. स्वतःच्या हातानं बनवलेली.

गाडी रिमोटची, मांजराएवढी. भावानं खेळून कंटाळल्यावर मला दिली. ही गाडी पळत नाही, दगडांवर चढते, तेही मुंगीच्या पावलानं. तिच्या चाकांचं रबर कडक होऊन चिरलं होतं. नवं मागवायचं म्हटल्यावर नवरा म्हणाला, "एवढ्यात खऱ्या गाडीचं येईल." तो उमरग्याला नोकरीला, महिन्यातल्या एखाद्या शनिवारी येतो, सल्ला देऊन सोमवारी जातो. मग म्हटलं, आपणच बनवू. ब्लाऊज शिवून माझं निम्मं आयुष्य गेलंय. रबर म्हणजे तरी काय, जरा हट्टी कापड.

ढोकीच्या रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडून फेकून दिलेल्या ट्यूबा आणल्या. ट्रॅक्टरची जाड, वाकेचना. सायकलची पातळ, लोंबायची. स्कूटरची मात्र बरोबर बसली. दाभणानं शिवून ती गोल केली, आत जुन्या गादीतला स्पंज भरला, वरून झिजलेल्या चपलांच्या तळव्यांचे तुकडे पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवले. दगड पकडायचं काम त्या तुकड्यांचं. पहिली चाकं उसवली. दुसरी इतकी टणक झाली की गाडी दगडाला नुसती टकरा देत बसायची. मग कळलं, चाक मऊ पाहिजे, दगडावर ते बसलं पाहिजे, आणि आतली हवा निघायला बारीक भोक पाहिजे. दिवाळी गेली, संक्रांत गेली. शेवटी एका दुपारी गाडी अंगणातल्या धुण्याच्या दगडावर चढून उभी राहिली आणि मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

धाकटे दीर ओसरीवर बसले होते. "वैनी, लेकरावाणी खेळता की वो," म्हणाले आणि पुन्हा मोबाईलमध्ये शिरले.

होळीनंतरच्या रविवारी सोलापूरजवळच्या एका खाणीत अशा गाड्यांचा मेळा भरणार होता. मेळ्याला येणाऱ्यांच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये मी चाकांचा फोटो टाकला. एकानं लिहिलं, 'ताई, ही अंगणातच बरी.' बाकीच्यांनी हसण्याची चित्रं टाकली. माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, 'रविवारी येते, दगड तुम्ही निवडा.' असं मी जन्मात कुणाला लिहिलं नव्हतं. माझा शब्द आता त्या चाकांवर होता.

होळीदिवशी शेवटचं सोल्युशन लावून चाकं परड्यात उन्हाला ठेवली, उरलेल्या ट्यूबांशेजारी. सगळा दिवस पुरण वाटण्यात गेला. तिन्हीसांजेला सासूबाई आणि मी नैवेद्य घेऊन मारुतीपुढं गेलो. होळी पेटली आणि काळाकुट्ट धूर निघाला. उसाच्या पाचटाचा धूर असा नसतो. वासावरूनच मी ओळखलं. पुढं घुसले, तर एक चाक अजून गोल दिसत होतं, कडेनं पेटलेलं.

"कुणी टाकलं हे?"

"म्या," दीर म्हणाले. "परड्यात पडलं व्हतं. होळी लई मंद व्हती, आता कशी धडाडली बघा."

"माझी चाकं होती ती, भावजी. तुम्ही बघितलेली."

"व्हय का? आता होळीला गेलं ते गेलं, वैनी. दुसरी करा की. तुमास्नी काय काम हाय?"

काय काम आहे! त्यांच्या पोटातली पुरणपोळी काय आभाळातून पडली होती?

पुरुष तोंडावर पालथा हात मारून बोंबा मारत होते. बायका मारत नाहीत. सासूबाईंनी माझा दंड गच्च धरला होता. तो मी सोडवला, "माझ्या दिराच्या नावानं!" म्हणून ओरडले आणि घसा फाटेस्तोवर बोंब ठोकली. सगळे हसले. सगळ्यात जास्त दीरच. "वैनीनं रंगत आणली!" म्हणत त्यांनी टाळ्या पिटल्या. त्या दिवशी बाईनं खरा राग ओरडून सांगितला तरी तो सणातच जमा होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, धूर गेला वाटतं.

धुळवडीला दीर अनवाणी रंग खेळून आले, मटण जेवले आणि घोरायला लागले. त्यांचे नवे बूट खोक्यात होते. परगावी जातानाच घालायचे ते. केशरी तळवे, खाली ठसठशीत दातेरी गाठी, रबर मऊ आणि चिवट. खोटं कशाला बोलू, त्या तळव्यांवर माझा डोळा आधीपासून होता. मी चाकू घेतला. दोन्ही तळवे कापून काढले. पंक्चरवाल्याचं दुकान बंद होतं, तर त्याच्या घरी जाऊन ट्यूबा मागून आणल्या. शिवणाची सगळी कामं बाजूला सारली. गिऱ्हाइकांना म्हटलं, थांबा.

रविवारी सकाळी गाडी धुण्याच्या दगडापुढं ठेवली. सासूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. दीर पायमोजे घालून रिकामं खोकं हातात घेऊन बाहेर आले. त्यांना कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं.

"वैनी, माझे बूट कुठं गेले?"

मी रिमोटचा खटका दाबला. गाडी दगडाला भिडली, चाकं दबली, एकेक केशरी गाठ कडेला धरत ती न घसरता वर चढली. दीर आधी गाडीकडं बघत राहिले. मग चाकांकडं. मग खोक्याकडं.

"होळीला गेले, भावजी."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी तोंड उघडलं, पण सुपावरची नजरही न उचलता सासूबाईच बोलल्या.

"आता कशाला बोंबलतुस? होळी झाली की."

मी गाडी पिशवीत घातली आणि एसटी गाठायला निघाले.